हाड हातात घेऊन पाठ करा

एमबीबीएसचे वर्ग सुरू होऊन महिना-दोन महिने झाले की पालकांचे फोन येऊ लागतात. "मॅडम, पोरगी रात्र रात्र चौरासियाचं पुस्तक घेऊन बसते, तरी काही लक्षात राहत नाही म्हणते. एवढी घोकंपट्टी हवीच कशाला?" मी शासकीय महाविद्यालयात अ‍ॅनाटॉमी शिकवते. माझं उत्तर पालकांना आवडत नाही आणि मुलांनाही नाही. पाठांतर हवंच. फक्त ते पुस्तकासमोर बसून होत नाही, डिसेक्शन हॉलमध्ये होतं.

"आता सगळं मोबाइलवर मिळतं," असंही ऐकवलं जातं. मिळतं ना. पण कुल्ह्यावर इंजेक्शन देताना सुई वरच्या, बाहेरच्या भागातच टोचायची, कारण सायटिक नर्व्ह त्या भागापासून लांबून जाते, हे टोचणाऱ्याला आधीच ठाऊक असावं लागतं. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत आवाजाची नर्व्ह ग्रंथीला किती चिकटून जाते, हे सर्जनला त्या क्षणी शोधत बसता येत नाही. नाव, जागा आणि शेजार या तिन्ही गोष्टी तोंडपाठच हव्यात.

अडचण आहे ती पाठ करण्याच्या पद्धतीत. आमच्याकडे येणारी मुलं दोन-दोन वर्षं नीटचा क्लास करून आलेली असतात. चार पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखायची त्यांना सवय. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पर्याय नसतात. समोर ट्रेमध्ये क्लॅव्हिकल असतं, गळ्याखालचं आडवं हाड. मुलगा घडाघडा सांगतो : शरीरात सर्वांत आधी ऑसिफिकेशन सुरू होतं ते इथे, आडवं असलेलं हे एकमेव लाँग बोन, आत मेड्युलरी कॅव्हिटी नाही. "वा. आता सांग, हे उजवं की डावं?" इथे गाडी अडते.

खरं तर उत्तर हाडावरच असतं. चपटं टोक खांद्याकडे, जाडसर टोक छातीकडे. आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगलेला, बाहेरचा एक तृतीयांश आत वळलेला. खालच्या बाजूला बोटाला जाणवणारी लांबट खाच. डोळे मिटून चार वेळा बोट फिरवलं की बाजू कळते. मोटारसायकलवरून पडलेल्या माणसाचं हे हाड बहुधा त्या वळणाच्या आसपासच का मोडतं, हेही कोणी न सांगता लक्षात येतं.

नाव आणि वस्तू एकमेकांपासून सुटली की पाठांतर फसतं, हे जुन्या लोकांना माहीत होतं. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' हा ग्रंथ १८५८ साली निघाला, त्यातली चित्रं हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांची. त्यांच्या चित्रांत नावं सरळ त्या त्या अवयवावरच छापलेली होती, खालच्या यादीत शोधायची गरज नव्हती. हेच कार्टर त्याच वर्षी मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवू लागले.

आज आमच्या मुलांना ती वस्तू हाताळायला मिळते किती? १९९७ पासून दीड वर्षाचं पहिलं वर्ष एका वर्षावर आलं. सीनियरकडून विकत मिळणारा खऱ्या हाडांचा बोन सेट दुर्मीळ झाला. प्लॅस्टिकच्या क्लॅव्हिकलवर ती खाच धड उमटलेलीसुद्धा नसते. एकेका टेबलाभोवती इतकी गर्दी, की मागे उभ्या असलेल्याला पुढच्यांचे अ‍ॅप्रनच दिसतात. संध्याकाळी पाचला अटेंडंट मामा हॉलला कुलूप लावतात आणि मुलं होस्टेलवर जाऊन स्क्रीनवर तेच फिरवून बघतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. डिसेक्शन हॉल आणि हाडांची खोली रोज रात्री नऊपर्यंत उघडी ठेवा. एक ट्यूटर, एक अटेंडंट आणि एक नोंदवही एवढ्यावर भागतं. मुलांनी जोडीने बसावं. एकाने हाड धरावं, दुसऱ्याने विचारावं. पुस्तक मिटलेलं असावं. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताच्या नर्व्हचं जाळं, कोऱ्या फळ्यावर काढावा, चुकला की पुसून दुसऱ्या दिवशी पुन्हा काढावा. आपल्याकडे पाढे कधी कुणी नुसते वाचून पाठ केले नाहीत, मोठ्याने म्हणूनच केले. आधी मराठीत समजावून सांगितलं तरी चालेल, इंग्रजी नावं मागून बसतात.

माणसं नाहीत, हाडं चोरीला जातील, ही उत्तरं मला ठाऊक आहेत. शिक्षकांची पदं रिकामी आहेत हेही खरं, आणि ती भरायलाच हवीत. पण महागडं डिजिटल टेबल घ्यायला निधी मिळतो, तर संध्याकाळच्या ट्यूटरचा भत्ताही निघू शकतो.

पहिल्याच आठवड्यात आम्ही मुलांकडून मृतदेहाचा मान राखण्याची शपथ घेतो. देहदान करणाऱ्याचं कुटुंब अंत्यसंस्कार बाजूला ठेवून तो देह आमच्या स्वाधीन करतं, तो पोरांनी शिकावं म्हणूनच. मुलं शिकायला मोकळी असतात नेमक्या त्याच वेळी तो कुलूपबंद ठेवायचा, तर शपथ मोडणारे पहिले आम्हीच.