हवेचा रस्ता

स्पोर्ट्स कारच्या गप्पांत टर्बो येतो, टायर येतात. इनटेक मॅनिफोल्डचं नाव सहसा कुणी काढत नाही. इंजिनाला हवा पोचवणारा हा नळ्यांचा जुडगा. स्वतः रेसिंग कार बनवून उतरायच्या फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थी-स्पर्धेतली मुलं मात्र रात्र-रात्र त्यावरच भांडतात. नियमच तसा आहे: पेट्रोल इंजिन 710 सीसीपर्यंतचं, आणि सगळी हवा 20 मिलिमीटरच्या गळ्यातून. तिथे हवेनं ध्वनीचा वेग गाठला की इंजिनानं कितीही ओढ लावली तरी जास्त हवा येत नाही.

मग खेळ उरतो नळीच्या लांबीचा. पिस्टनच्या ओढीनं उठलेली लाट टोकावरून परत फिरते. व्हॉल्व्ह मिटण्याआधी ती दाब घेऊन पोचली, तर सिलिंडर अधिक भरतो. लांब नळी कमी आरपीएमला साथ देते, आखूड नळी जास्तीला. दोन्ही एकदम हवं असेल तर गुंतागुंत आणि खर्च वाढतो.

संगणकावर आकडे जुळतात, थ्रीडी प्रिंटही देखणी निघते. खरी परीक्षा अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामात. पोकळी राखणारी साच्यातली कोअर जरा सरकली की भिंत एकीकडे पातळ होते. जोडातून हवा शिरली तर मिश्रण बिघडतं, ते वेगळंच.

1910 साली किर्लोस्करवाडी वसलेल्या सांगली जिल्ह्याला ओतकाम नवं नाही. 1947 चं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज सांगलीच्या विश्रामबागेत, कुपवाडची एमआयडीसी हाकेच्या अंतरावर. कुपवाडच्या कारखानदारांनो, अशी मुलं एका नगाची ऑर्डर घेऊन आली, तर त्यांना दारातून परत पाठवू नका.