अंतिम उत्तरतालिकेत कारणही द्या : महाराष्ट्र लोकसेवा आयोगास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र लोकसेवा आयोग



‘खालीलपैकी कोणती विधाने बरोबर आहेत?’ हा प्रश्न आता पूर्वपरीक्षेत सर्रास असतो. त्यातले प्रत्येक विधान म्हणजे चूक की बरोबर असा एक स्वतंत्र प्रश्नच. तीनपैकी एका विधानाच्या शब्दांत खोट राहिली, की अभ्यास केलेल्या मुलाचाही अख्खा प्रश्न जातो. वर चुकीच्या उत्तरामागे एक चतुर्थांश गुण कापले जातात. कट ऑफच्या काठावरच्या उमेदवाराचे एका प्रश्नापायी वर्ष वाया जाते. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

पुढची उदाहरणे तुमच्या प्रश्नपत्रिकांतली नाहीत. सराव संचांत आणि गाइडांत ती नेहमी दिसतात. ‘राजा हरिश्चंद्र हा पहिला भारतीय चित्रपट होय.’ बरोबर की चूक? फाळक्यांचा हा चित्रपट 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. पण दादासाहेब तोरण्यांचा ‘पुंडलिक’ त्याच चित्रगृहात 18 मे 1912 रोजी दाखवला गेला होता. तो रंगमंचावरच्या नाटकाचे चित्रीकरण होता, म्हणून पहिलेपणाचा मान बहुतेक जण फाळक्यांना देतात. ‘पूर्ण लांबीचा कथापट’ एवढे शब्द घातले की वाद मिटतो. ते गाळले, तर ‘पुंडलिक’बद्दल वाचलेला मुलगाच अडखळतो आणि गाइड पाठ केलेला सुटतो.

‘कळसूबाई हे सह्याद्रीतील सर्वोच्च शिखर आहे,’ हे दुसरे विधान. कळसूबाई 1646 मीटर उंच आहे आणि महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर आहे, यात शंका नाही. पण सह्याद्री म्हणजे सगळा पश्चिम घाट मानला, तर केरळातले 2695 मीटरचे अनाईमुडी पुढे येते. ‘महाराष्ट्रातील’ हा शब्द घातला की विधान निर्विवाद होते. ‘एव्हरेस्टची उंची 8848 मीटर आहे,’ असे विचारायचे तर कोणत्या मोजणीनुसार हेही सांगावे लागेल, कारण नेपाळ आणि चीन यांनी डिसेंबर 2020 मध्ये 8848.86 मीटर ही उंची जाहीर केली आहे.

उलट, काही विधाने ऐकायला वादग्रस्त वाटतात, पण त्यांचे उत्तर पक्के असते. ‘हिंदी ही भारताची राष्ट्रभाषा आहे’ हे विधान चूक, कारण संविधानाच्या अनुच्छेद 343 मध्ये हिंदीला संघराज्याची राजभाषा म्हटले आहे. राष्ट्रभाषा अशी तरतूदच संविधानात नाही. असा प्रश्न अवघड असला तरी न्याय्य आहे. मुलांची तक्रार अवघड प्रश्नांबद्दल नसते. ज्याचे उत्तर प्रश्नकर्त्याच्या मनातल्या, पण कागदावर न आलेल्या शब्दांवर अवलंबून असते, त्या प्रश्नाबद्दल असते.

पहिली उत्तरतालिका आली की अभ्यासिकांतली मुले आपल्या उत्तरांच्या प्रतीवर बोट ठेवून एकेक क्रमांक ताडून पाहतात. जुळत नाही तिथे शालेय पाठ्यपुस्तक, विश्वकोश, शासनाचे अहवाल उघडतात आणि पुराव्याचे पान जोडून हरकत नोंदवतात. आयोग हरकती मागवतो, उत्तरे बदलतो, प्रश्न रद्दही करतो. हा मोकळेपणा मोलाचा आहे. पण अंतिम तालिकेत उमेदवाराला दिसतो तो फक्त पर्याय क्रमांक किंवा रद्द झाल्याची खूण. हरकत का मानली, का फेटाळली, हे कळत नाही. पुरावा मागणाऱ्याने पुरावा द्यायलाही हवा. शिवाय प्रश्न रद्द झाला की ज्याने विचार करून तो बरोबर सोडवला, त्याचाही वेळ फुकट जातो.

कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता या 1983 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते, की वस्तुनिष्ठ परीक्षेत संदिग्ध अर्थाचे प्रश्न येणार नाहीत याची काळजी घ्यावी. पुढे रणविजय सिंह खटल्यात याच न्यायालयाने म्हटले, की उत्तराबाबत शंका असेल तर फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला मिळावा. शंकेचा फायदा संस्थेला मिळणार असेल, तर शंका राहू न देण्याची जबाबदारीही तिचीच.

म्हणून तीन मागण्या आहेत. ‘पहिला’, ‘सर्वोच्च’, ‘एकमेव’, ‘सर्व’, ‘फक्त’ हे शब्द असलेल्या प्रत्येक विधानात कुठला, कशातला आणि कधीचा, हे स्पष्ट असावे. बदलत्या आकड्यांसोबत वर्ष किंवा स्रोत छापावा. आणि अंतिम तालिकेत हरकत आलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एका ओळीत कारण आणि आधार द्यावा.

दहावीच्या राज्यशास्त्रात ‘विधान चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा’ असा प्रश्न येतो आणि कारणाशिवाय त्याला पूर्ण गुण मिळत नाहीत. शाळकरी मुलाकडून आपण ज्याची अपेक्षा करतो, ते राज्याचे अधिकारी निवडणाऱ्या आयोगाने करावे, ही अपेक्षा जास्त नाही. येत्या पूर्वपरीक्षेपासूनच याची सुरुवात व्हावी, अशी कळकळीची विनंती.

आपला,
स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांचा एक शिक्षक