आठ तासांचा गोवा

खानदेशच्या वाट्याला समुद्र आलेला नाही. आमची तापी सुरतेजवळ सागराला मिळते खरी. परंतु तिच्या काठचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या कपाशी, केळी आणि पावसाची वाट यांतच गुंतलेला. बोटीचा प्रवास हा कोकणवासीयांचा विषय. मुंबई-पणजी बोटीच्या आठवणी सांगाव्यात त्या त्यांनीच. ती जुनी बोट बंद पडून कित्येक वर्षे लोटली. २०१८ साली ‘आंग्रिया’ हे कान्होजींच्या घराण्याचे स्मरण करून देणारे जहाज मुंबई-गोवा मार्गावर आले, पण ते फार काळ टिकले नाही. २०२१च्या सप्टेंबरात ‘कॉर्डेलिया’ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे अवाढव्य प्रवासी जहाज मुंबईहून सफरींना निघू लागले, आणि पाहता पाहता जळगाव-धुळ्याच्या मध्यमवर्गीय घरांतही जहाजसफरीची भाषा ऐकू येऊ लागली. कुणाच्या विवाहाचा पंचविसावा वाढदिवस, कुणाची सेवानिवृत्ती, कुणाच्या कन्येचे बारावीचे यश. निमित्ते अनेक, बेत एकच.

यात नाके मुरडण्यासारखे काही नाही. कष्टाने मिळवलेल्या पैशातून कुटुंबाने चार दिवस आनंदात घालवावेत, हे योग्यच आहे. प्रश्न आहे तो जहाजावरील दिवसांचा नव्हे, तर जहाज मुरगावच्या धक्क्याला लागते त्या एका दिवसाचा. सकाळी शिडी उतरायची आणि जहाज सुटण्यापूर्वी, ठरलेल्या वेळेच्या आत परतायचे. हाती सहा, फार तर आठ तास. या आठ तासांत आपण काय पाहतो?

बहुतेकांचे उत्तर ठरलेले आहे. एक समुद्रकिनारा, एक बाजारपेठ, काजूची पाकिटे, चार छायाचित्रे आणि परत. परदेशी जहाजातून आलेल्या पाहुण्याला आपल्या पूर्वजांचा इतिहास ठाऊक नसतो. त्याने असा दिवस काढला तर त्याला बोल लावता येणार नाही. परंतु ज्या घरात शिवचरित्राची पारायणे होतात, त्या घरातील मुलानेही गोवा म्हणजे वाळू आणि मौज एवढेच समजून परत यावे काय? जाहिरातींनी गोव्याचे जे चित्र रंगवले, ते आपणही निमूटपणे स्वीकारले आहे. दोष केवळ जाहिरातदारांचा नाही.

गंमत अशी, की गोव्याचा खरा इतिहास जाणण्यासाठी या प्रवाशाला वाट वाकडी करावी लागत नाही. मुरगाव बंदर ज्या भूमीवर आहे, तो जुन्या साष्टी प्रांताचाच भाग. १५४३च्या सुमारास बार्देश आणि साष्टी हे प्रांत पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले आणि पुढील दोन-तीन दशकांत येथील देवालयांवर घाला आला. १५६० साली गोव्यात धर्मसमीक्षण सभा, म्हणजे ‘इन्क्विझिशन’, सुरू झाली. मधला अल्प खंड वगळता ती १८१२पर्यंत चालली. बंदरातून निघालेली मोटार सांकवाळ ओलांडून कुठ्ठाळीला पोहोचते, तेव्हा ती नेमकी याच इतिहासावरून धावत असते. सांकवाळ हे लक्ष्मीनृसिंहाचे मूळ स्थान. १५६७ साली तो वेलिंगला नेण्यात आला. कुठ्ठाळी म्हणजे प्राचीन कुशस्थळी, श्रीमंगेशाचे मूळ स्थान. १५६० साली भक्तांनी हे शिवलिंग जुवारी नदीपार प्रियोळच्या परिसरात हलवले. आजची मंगेशी ती हीच. जवळच्या केळशीची शांतादुर्गा १५६६ साली कवळ्याला गेली, तर वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला स्थिरावली.

म्हणजे बंदरावर उतरलेला प्रवासी फोंड्याकडे निघाला, की तो देवांच्या स्थलांतराच्याच वाटेने जात असतो. आज कुठ्ठाळीच्या नव्या पुलावरून दोन-चार मिनिटांत जुवारी पार होते. साडेचारशे वर्षांपूर्वी तीच नदी भयभीत गावकऱ्यांनी होड्यांतून ओलांडली. घरे, शेते, सारे मागे टाकले, देव तेवढा सोबत नेला. पुलावर मोटार क्षणभर हळू करून मुलांना एवढे सांगितले, तरी आठ तासांचे सार्थक झाले असे समजावे.

पलीकडचा फोंडा, म्हणजे अंत्रुज महाल, तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. तो आदिलशाहीत होता. इतिहास असा सरळसोट नसतो, हेही मुलांना कळायला हवे. पुढे १६७५ साली शिवछत्रपतींनी फोंड्याचा किल्ला जिंकला. मराठ्यांच्या काळात या मंदिरांना बळ मिळाले. पेशव्यांच्या दरबारातील रामचंद्र मल्हार सुखठणकर यांच्या प्रयत्नाने १७३९ साली मंगेशी गाव देवस्थानाला इनाम मिळाला. कवळ्याच्या शांतादुर्गेचे आजचे मंदिर छत्रपती शाहूंच्या काळात उभे राहिले. पोर्तुगीज या भागात आले ते १७६३च्या सुमारास, आणि तोवर त्यांच्या धर्मछळाची धार बोथट झाली होती. त्यामुळे ही देवस्थाने वाचली.

या मंदिरांची रचनाही डोळसपणे पाहावी. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ, पुढची तळी, कौलारू छपरे, मध्येच घुमट, कमानदार खिडक्या आणि सभामंडपात टांगलेली काचेची झुंबरे. ज्यांच्या जाचामुळे देश सोडावा लागला, त्यांच्या वास्तुकलेतील चांगले तेवढे आमच्या कारागिरांनी निःसंकोच उचलले आणि आपल्या देवापुढे ठेवले. आत्मविश्वास असलेला समाजच हे करू शकतो.

खानदेशच्या वाचकाला तर मंगेशीत आणखी एक धागा सापडतो. मास्टर दीनानाथांनी मंगेशकर हे नाव याच गावावरून घेतले. त्यांच्या पत्नी, म्हणजे माई मंगेशकर, या धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरच्या. लतादीदींचे आजोळ तापीकाठचे! एका घराण्याच्या स्वरांत मंगेशी आणि थाळनेर एकत्र आले, हे आपल्यापैकी किती जणांच्या मुलांना ठाऊक आहे?

सकाळी कुठ्ठाळीमार्गे मंगेशी, म्हार्दोळ आणि कवळे, आणि परतताना बोरीच्या पुलावरून वेर्ण्यामार्गे बंदर, असे हे वर्तुळ वेळेत पुरे होते. त्याऐवजी कुणी जुन्या गोव्याची भव्य चर्च पाहावयास गेला, तरी ते अयोग्य नव्हे. १९८६ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहेत. तेथेही आदरानेच वागावे. त्या काळच्या राजसत्तेचा हिशेब आजच्या ख्रिस्ती शेजाऱ्याकडून मागायचा नसतो. त्याचेही पूर्वज याच मातीतले. नार्व्याचे सप्तकोटेश्वर मंदिर, ज्याचा जीर्णोद्धार १६६८ साली खुद्द शिवरायांनी करविला, ते मात्र या फेरीत कोंबण्याचा हट्ट धरू नये. घड्याळाकडे पाहत घेतलेले दर्शन ना देवाला रुचते ना मनाला. २०२४ साली जळगावहून गोव्याला थेट विमानसेवा सुरू झाली. नार्व्यासाठी स्वतंत्र प्रवास करावा.

दोन व्यावहारिक सूचना. मंदिरांत पोशाखाचे नियम आहेत; जहाजावरच्या अर्ध्या चड्डीत तेथे जाऊ नये. मोटारीचे भाडे आधी ठरवावे आणि परतीला तासभर राखून ठेवावा, कारण जहाज कुणासाठी थांबत नाही. आणि एक कळकळीची विनंती. जहाजावर खाणेपिणे आधीच पोटभर झालेले असते. त्यामुळे किनाऱ्यावर उतरलेला प्रवासी स्थानिकांकडे फारसा पैसा ठेवत नाही, ठेवतो तो कचरा, अशी तक्रार जगभरच्या बंदरांत ऐकू येते. मंगेशीच्या वाटेवर फुले विकणाऱ्या बाईकडून वेणी घ्या, एखाद्या खानावळीत जेवा. गोव्याच्या माणसाने आपल्याला चांगला पाहुणा म्हणावे, ही अपेक्षा स्वतःकडून ठेवायला काय हरकत आहे?

आपल्या घरांत इतिहासाचा अभिमान पुष्कळ आहे. इतिहास प्रत्यक्ष पाहण्याची सवय तुलनेने कमी. सहलीचा बेत आखताना खोली कोणती, जेवण कसे, यावर आपण आठवडा घालवतो. त्यातील एक संध्याकाळ मुलांसह गोव्याचा नकाशा उलगडून बसावे आणि कुठ्ठाळी कोठे, मंगेशी कोठे, मध्ये नदी कोणती, हे त्यांनाच शोधू द्यावे. मग धक्क्यावर उतरताना गाडी कोणत्या दिशेने न्यायची, हे तीच सांगतील.