दारीं एक सुगंधी वेल असावा

मनुष्याला लाभलेल्या पांच ज्ञानेंद्रियांपैकीं घ्राणेंद्रियाची जितकी उपेक्षा आपण करितों तितकी दुसऱ्या कोणत्याहि इंद्रियाची करीत नाहीं. डोळ्यांना चष्मा लावितों, कानांसाठीं संगीत शिकतों, जिभेचे चोचले तर अहोरात्र पुरवितों. परंतु नाकालाहि कांहीं चांगलें मिळावें, त्यालाहि थोडें वळण लावावें, हा विचार फारसा कोणाच्या मनांत येत नाहीं. इ. स. २०२० मध्यें जगभर महामारी पसरली आणि असंख्य रोग्यांची वास घेण्याची शक्ति कांहीं काळ नाहींशी झाली, तेव्हां कोठें या उपेक्षित इंद्रियाची किंमत लोकांना कळली. जेवण बेचव झालें, फोडणीचा वास येईना, फुलें कागदासारखीं वाटूं लागलीं. नाकाकडून मेंदूंत जाणारी वाट भावनांच्या व स्मृतीच्या केंद्रांना अगदीं लागून जाते, असें शरीरशास्त्र सांगतें. एखाद्या वासासरशी वीस वर्षांपूर्वींचें घर डोळ्यांपुढें उभें राहतें, त्याचें कारण हेंच होय.

प्रस्तुत लेखाचें म्हणणें अगदीं साधें आहे. ज्या घराला कुंडीभर माती व रोजचें चार-पांच तास ऊन लाभतें, त्या घरीं निदान एक सुगंधी वेल असावा; आणि त्याची निगा घरांतील मुलांनीं राखावी. हा हौसेचा प्रश्न आहे असें पुष्कळांना वाटेल. आमच्या मतें तो शिक्षणाचा प्रश्न आहे.

हल्लीं नव्या बंगल्यांच्या फाटकांवर बहुधा बोगनवेल दिसते. ती मूळची ब्राझीलकडील. तिला पाणी थोडें लागतें, निगा तर त्याहूनहि थोडी. आणि तिचा रंग रस्त्यावरून जाणाऱ्याला लांबूनच दिसतो. ज्याला आपण तिचीं फुलें म्हणतों तीं वस्तुतः रंगीत पानें होत. खरें फूल त्यांच्या पोटांत लपलेलें, बारीक व पांढुरकें असतें, आणि त्याला म्हणण्यासारखा सुवास नसतो. ती परदेशी म्हणून तिला हिणवावें असें मुळींच नाहीं. कारण आपल्या परसांतील रातराणी वेस्ट इंडीज बेटांकडील आहे आणि निशिगंध मेक्सिकोचा. परंतु दुरून दिसणारी शोभा तेवढी लावावयाची व जवळ जाणाऱ्यालाच कळणारा सुवास वगळावयाचा, ही निवड विचार करण्यासारखी आहे. रंग दाखविण्याकरितां असतो; सुवास घरांतल्या माणसांकरितां असतो. अंधारांत, आजारपणांत, दृष्टि अधू झालेल्या वृद्धांना रंगाचा उपयोग काय? मोगरा मात्र त्यांच्याहि उशाशीं येऊन पोहोंचतो.

आपल्या हवेंत वर्षाचे बहुतेक महिने सुगंधी करतां येतात, इतकी वेलांची विविधता आपल्याजवळ आहे. उन्हाळा मोगऱ्याचा. साधा मोगरा, बटमोगरा, मदनबाण, हजारी मोगरा, अशा त्याच्या अनेक जाति. चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत त्यांचा बहर असतो. पाऊस लागला कीं जाई व जुई यांचे दिवस येतात. हिवाळ्यांत कुंद फुलतो. त्याला सुवास बेताचाच, पण शुभ्रतेंत तो कोणाला हार जाणार नाहीं. मधुमालतीचें कौतुक तर मुलांनीं अवश्य पाहावें. तिचें फूल संध्याकाळीं पांढरें उमलतें, मग गुलाबी होतें व दोन-तीन दिवसांत लाल होतें. एकाच घोंसांत तीन रंग दिसतात ते तीन वयांचे असतात. कृष्णकमळ दक्षिण अमेरिकेंतून आलेलें. तें धाग्यासारखे हात पुढें करून स्वतःच आधार धरतें. जाईजुईला असे हात नाहींत. त्यांना मांडवावर कोणी तरी चढवून द्यावें लागतें. रातराणी ही मात्र जाईच्या कुळांतील नसून वांगें, बटाटा व तंबाखू यांच्या कुळांतील आहे. तिचीं फळें विषारी असतात, म्हणून लहान मुलांच्या हाताशीं ती नसावी. आणि तिच्या उग्र वासानें कित्येकांचें डोकें दुखतें, म्हणून ती निजण्याच्या खोलीच्या खिडकीपासून दूर लावावी.

यांतील बहुतेक फुलें पांढरीं कां, आणि तीं संध्याकाळींच कां उमलतात, हा प्रश्न वेल लावणाऱ्या मुलाला आपोआप पडेल. त्याचें उत्तर पतंगांपाशीं आहे. अंधारांत हिंडणाऱ्या पतंगांना लाल-निळा रंग काय कामाचा? त्यांना वास वाट दाखवितो व पांढरा रंग जवळ आल्यावर दिसतो. फुलाची लांब नळी पतंगाच्या लांब सोंडेसाठीं असते. ज्या सुवासाला आपण आपल्यासाठीं म्हणून समजतों, तें मुळांत दुसऱ्याला धाडलेलें आमंत्रण आहे!

याहूनहि नवलाची गोष्ट पुढें आहे. जाईच्या तेलांतून इ. स. १९६२ मध्यें रसायनशास्त्रज्ञांनीं एक सुगंधी द्रव्य वेगळें काढलें. त्याला मिथिल जास्मोनेट असें नांव आहे. प्रथम तें केवळ अत्तराच्या उपयोगाचें वाटलें. परंतु इ. स. १९९० मध्यें फार्मर व रायन या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, एका झाडावरून हवेंत उडालेलें हें द्रव्य शेजारच्या टोमॅटोच्या रोपाला पोहोंचलें असतां तें रोप, किडींना पचन होऊं नये असें द्रव्य आपल्या पानांत तयार करूं लागतें. पुढें असें समजलें कीं जास्मोनेटें ही वनस्पतींची स्वसंरक्षणाची एक सर्वसाधारण भाषाच आहे. जाईवरून केवळ तिला नांव मिळालें. ज्या मुलानें जाईचा एक वेल वाढविला आहे त्याला पुस्तकांतील हा धडा कोरडा वाटणार नाहीं.

आतां निगेविषयीं चार शब्द. मोगऱ्याला बारा ते चौदा इंच व्यासाची, तळाशीं भोंक असलेली कुंडी पुरते. माती, चांगलें कुजलेलें शेणखत व थोडी वाळू यांचें मिश्रण करावें. वरची माती सुकली असें बोटाला लागल्यावरच पाणी द्यावें. पुष्कळ रोपें तहानेनें मरत नाहींत, तीं मायेच्या महापुरांत बुडून मरतात. मोगऱ्याचीं फुलें नव्या फुटव्यांवर येतात, म्हणून हिवाळ्यांत त्याचें पाणी तोडतात, पानें झडूं देतात व फांद्या छाटतात. बागाईतदार याला ताण देणें म्हणतात. ज्याला हें ठाऊक नाहीं त्याला तो छाटलेला खुंट पाहून झाड मेलें असेंच वाटेल. पण माघ-फाल्गुनांत खत-पाणी मिळतांच त्याच खुंटाला कोंब फुटतात आणि कोंबाच्या टोकाला कळ्या धरतात. पानावर पिठ्या ढेकूण किंवा लाल कोळी दिसल्यास कडुनिंबाचें तेल साबणाच्या पाण्यांत मिसळून फवारावें; कळी पोखरणारी अळी मात्र हातानेंच वेंचून काढलेली बरी.

या सर्व खटाटोपाचा लाभ काय, असें कोणी विचारील. पहिला लाभ हा कीं, मुलाला वाट पाहावयास शिकविणारी वस्तु घरांत येते. हल्लीं बोट टेंकतांच चित्र हालतें, मागतांच वस्तु दारीं येते. अशा काळांत, कितीहि उतावीळ झालें तरी जी कळी संध्याकाळपूर्वीं उमलत नाहीं, तिच्या सहवासाची गरज पूर्वींपेक्षां अधिक आहे.

दुसरा लाभ देण्याघेण्याचा. आपल्याकडील मोगऱ्याला बी धरत नाहीं म्हटलें तरी चालेल. तो फांदीनेंच वाढतो. पावसाळ्यांत छाटाची काडी मातींत खोंचावी, किंवा फांदी वांकवून मातीखालीं दाबावी व मुळें धरल्यावर तोडून घ्यावी. अर्थात् आपल्या दारचा मोगरा कोणाच्या तरी मोगऱ्याची फांदी असतो, आणि तोहि आणखी कोणाच्या तरी. अशा रीतीनें हा वेल एका घरांतून दुसऱ्या घरीं चालत आला आहे. जुने वाडे पाडून तेथें इमारती उठतात तेव्हां विहीर बुजते आणि विहिरीकांठचा मोगराहि जातो. पण त्याची एक फांदी आधींच शेजारीं गेलेली असेल, तर तो वाड्याच्या मागें उरतो. म्हणून वाडा सोडण्यापूर्वीं सामानाच्या यादींत ही फांदीहि लिहावी.

तिसरा लाभ श्रमाची किंमत कळण्याचा. एक किलो जाई भरावयास सुमारें आठ ते दहा हजार फुलें लागतात, आणि तीं एकेक करून हातानें खुडावीं लागतात. त्यासाठीं अद्याप माणसाच्या बोटांना पर्याय सांपडलेला नाहीं. वसईकडील बागांतून व जव्हारच्या डोंगराळ भागांत आदिवासी शेतकऱ्यांनीं लावलेल्या मळ्यांतून फुलें निघतात तीं पहांटेच्या कामामुळें. ज्या मुलीनें आपल्या वेलाच्या शंभर कळ्या स्वतः खुडून त्यांचा गजरा ओंवला आहे, ती रस्त्याच्या कडेला बसलेल्या माळिणीशीं दोन रुपयांसाठीं घासाघीस करणार नाहीं, असा आमचा भरंवसा आहे.

आक्षेप घेणारे म्हणतील कीं सुवासानें साप येतात. ही समजूत फार जुनी असली तरी निराधार आहे. साप येतो तो उंदीर-बेडकांच्या मागानें आणि दाट झुडपाच्या आडोशाला. म्हणून वेलाचा बुंधा मोकळा व स्वच्छ ठेवावा, म्हणजे झालें. डांसांची भीति मात्र खोटी नाहीं. कुंडीखालच्या ताटलींत सांचलेल्या पाण्यांत आठवडा-दीड आठवड्यांत डांस तयार होतात. ती ताटली दर तीन-चार दिवसांनीं पालथी करावी. जागा नाहीं असें म्हणणाऱ्यांना सज्जाचा कठडा आहे. ज्या सज्जांत ऊन मुळींच येत नाहीं तेथें मोगरा जगेल, परंतु फुलणार नाहीं, हें आधींच सांगून ठेवलेलें बरें. अशा वेळीं इमारतीच्या गच्चीवर सर्व बिऱ्हाडांनीं मिळून चार कुंड्या ठेवण्यास काय हरकत आहे? पाण्याची टंचाई असेल तेथें डाळ-तांदूळ धुतलेलें पाणीच या कुंड्यांना पुरेसें होतें.

आणखी दोन गोष्टी पालकांना विनयपूर्वक सांगावयाच्या आहेत. पहिली ही कीं, फुलझाडांचें काम मुलींचें, ही समजूत सोडून द्यावी. फ्रान्समधील ग्रास नगरीच्या जाईपासून अत्तर काढणारे, चीनमधील फूचौ येथें मोगऱ्याच्या कळ्यांनीं चहा सुवासिक करणारे, आणि आपल्या मदुराईचे मल्लीचे बागाईतदार यांत पुरुष कांहीं कमी नाहींत. मुलानें मोगऱ्याला पाणी घातल्यानें त्याचें पौरुष उणें होत नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आपल्या समाजांत नवरा वारला कीं बाईनें फूल माळूं नये अशी रूढि पिढ्यान् पिढ्या चालत आली. जिनें वेल लावला, ज्याला रोज पाणी घातलें, त्याचेंच फूल एके दिवसापासून तिला वर्ज्य झालें! कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें विधवा-प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत राज्य शासनानें इतर ग्रामपंचायतींनींहि त्याचें अनुकरण करावें असें परिपत्रक काढलें. परंतु ठरावानें व परिपत्रकानें जें कायद्याच्या कागदावर उतरतें, तें घराच्या उंबऱ्याच्या आंत यावयास घरांतलींच माणसें लागतात. आजीला, मावशीला, शेजारच्या काकूंना फूल नको असेल तर गोष्ट निराळी. तें त्यांनीं ठरवावें. पण त्यांना तें विचारलेंच जात नाहीं, ही खरी निष्ठुरता होय. आणि असा प्रश्न वडील माणसें संकोचानें विचारीत नाहींत. तो नातवंडांनाच विचारतां येतो.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, पावसाळ्याची पहिली झड लागून माती भिजली कीं ओळखीच्या कोणा घरून मोगऱ्याची किंवा जाईची एक फांदी मागून आणा. मागण्यांत कमीपणा नाहीं. पुढच्या पावसाळ्यांत तुमच्याकडेहि कोणी मागावयास येईल, तेव्हां नाहीं म्हणूं नका. पहिल्या वर्षीं कदाचित् चार-दोनच फुलें येतील. तीं देवघरांत ठेवावीं, प्रार्थनेच्या मेजावर ठेवावीं, कीं आईच्या केसांत माळावीं, हें ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीप्रमाणें होवो. पण त्यांतलें निदान एक फूल, ज्या माणसाला फार दिवसांत कोणीं फूल दिलेलें नाहीं, त्याच्या हातीं नेऊन द्या.