कादाझान की दुसून? नावाचा मान आणि जमिनीचा हक्क

१/ बोर्निओ बेटाच्या उत्तर टोकाला मलेशियाचे साबा राज्य आहे. तेथील सर्वांत मोठ्या मूलनिवासी समूहाला आज 'कादाझानदुसून' म्हणतात. नाव ऐकायला प्राचीन वाटते. प्रत्यक्षात ते १९८९ साली कादाझान सांस्कृतिक संघटनेच्या परिषदेने ठराव करून स्वीकारले.

२/ 'दुसून' हा मलय शब्द. अर्थ फळबाग, वाडी. किनाऱ्यावरचे लोक आतल्या भागातील शेतकऱ्यांना 'ओरांग दुसून' म्हणत, म्हणजे वाडीवरची माणसे. पुढे ब्रिटिश नॉर्थ बोर्निओ कंपनीचा अंमल आला आणि शेजाऱ्यांनी मारलेली ही हाक शिरगणतीच्या रकान्यात जमातीचे नाव होऊन बसली. ती माणसे स्वतःला मात्र लोतुद, रुंगुस, लिवान, तांगाआ अशा कितीतरी नावांनी ओळखत होती.

३/ 'कादाझान' हे नाव पेनाम्पांग आणि पापार या किनाऱ्यालगतच्या भागांतले. काहींच्या मते त्याच्या मुळाशी दुकान या अर्थाचा मलय 'केदाई' आहे. (हा 'केदाई' तमिळ 'कडै'वरून आलेला!) ही व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. पण वाडी विरुद्ध बाजार ही जोडी भांडणाला सोयीची ठरली, हे खरे.

४/ १९५३ मध्ये 'साबा टाइम्स' काढणारे डोनाल्ड स्टीफन्स यांनी 'कादाझान' हे सर्वांचे नाव व्हावे असा आग्रह धरला आणि १९६१ मध्ये त्याच नावाने पक्ष स्थापला. त्यांचा स्वतःचा वंश युरोपीय आणि कादाझान असा मिश्र होता. १९६३ मध्ये ते साबाचे पहिले मुख्यमंत्री झाले. १९७१ मध्ये इस्लाम स्वीकारून फुआद स्टीफन्स झाले. त्यांना विरोध झाला तो केनिंगाऊच्या जी. एस. सुंदांग यांच्याकडून, डोंगराळ मुलखातून. त्यांनी आपल्या पक्षासाठी 'पासोक मोमोगुन' असे तिसरेच नाव घेतले.

५/ 'दुसून' परक्यांनी दिलेले म्हणून खोटे आणि 'कादाझान' आपले म्हणून खरे, ही मांडणी मला पटत नाही. आतल्या खेड्यांनी 'दुसून' पिढ्यान् पिढ्या वागवून आपलेसे केले होते. त्यांच्या दृष्टीने 'कादाझान' हेच बाहेरून, पेनाम्पांगहून आलेले नाव होते.

६/ आणि हा वाद केवळ मानापमानाचा नव्हे. १९३० च्या जमीन कायद्यानुसार काही जमिनी फक्त मूलनिवासीच धारण करू शकतात. मग मूलनिवासी कोण? १९५२ च्या वसाहतकालीन कायद्याने याचे उत्तर केवळ रक्तावर सोडले नाही. आईवडिलांपैकी किंवा पूर्वजांपैकी एक जरी येथील असला, आणि ती व्यक्ती त्या समाजाची होऊन जगत असली, तरी तिला मूलनिवासी ठरण्याची वाट मोकळी होती. चिनी आणि कादाझान आईबापांच्या मुलांना साबात 'सिनो' म्हणतात. अशा घरांसाठी ही वाट म्हणजे शेत राहणे अथवा जाणे. वसाहतवाद्यांचे कौतुक करण्याची मला हौस नाही, पण 'जगत असली' या शब्दांत जेवढी माणुसकी आहे तेवढी स्वतंत्र राज्याच्या रकान्यांत मला दिसत नाही. १९८० च्या जनगणनेने तर कादाझान, मुरुत, बजाऊ, मलय या सर्वांना 'प्रिबुमी' या एकाच शब्दात कोंबले.

७/ १९९७ पासून शाळांत 'कादाझानदुसून' भाषा शिकवली जाऊ लागली. तिचा पाया बुंडू-लिवान बोलीचा. पेनाम्पांगच्या घरांत जिथे 'व्ह' आणि 'झ' उच्चारतात, तिथे तिच्यात पुष्कळदा 'व' आणि 'य' येतो. जोडनावात 'कादाझान' पहिला, पाठ्यपुस्तकात बोली आतल्या मुलखाची. आणि कित्येक रुंगुस हे जोडनाव अजूनही आपले मानत नाहीत.