पाटी बदलली, अर्थ बदलला का?

इस्राएलात येणाऱ्या ओलीमसाठी १९६८ साली स्वतंत्र सरकारी खाते निघाले. त्याच्या इंग्रजी नावात कित्येक वर्षे ‘अ‍ॅब्सॉर्प्शन’ हा शब्द होता. आता तेथे ‘इंटिग्रेशन’ आहे. हिब्रू नावात मात्र ‘क्लिता’ पूर्वीही होते, आजही आहे. दोन्ही इंग्रजी शब्द सारखेच, असे आपले काही बांधव म्हणतात. आम्हांस हे मुळीच मान्य नाही.

‘अ‍ॅब्सॉर्प्शन’ म्हणजे शोषून घेणे. स्पंज पाणी शोषतो, मग स्पंज तेवढा दिसतो, पाणी दिसत नाही. (मराठीत शोषणाला दुसराही अर्थ आहे, त्यात आम्ही शिरत नाही.) ‘इंटिग्रेशन’चे नाते ‘इंटिजर’शी, म्हणजे शाळेतल्या पूर्णांकाशी. सारे भाग मिळून पुरे होणे, हा त्याचा अर्थ. आपला मलिदाच पाहा ना! पोहे, खोबरे, साखर, वेलची एका ताटात येतात. पण खोबरे खोबरेच राहते, आणि ते नसेल तर त्याला मलिदा कोण म्हणेल?

आमच्या वाट्याला काय आले? बेने इस्राएलांच्या लग्नाआधी वंशाची चौकशी करावी, असे निर्देश १९६२ साली रब्बीनेटने काढले. शोषून घेणाराही पाणी कोणत्या विहिरीचे ते विचारू लागला! आपल्या लोकांनी लढा दिला, तेव्हा कुठे ऑगस्ट १९६४ मध्ये बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत, असा ठराव क्नेसेतने केला.

कोणी म्हणेल, घर मिळाले, काम मिळाले, आता शब्दांचा कीस कशाला? आम्ही कृतघ्न नाही. पण बदलायचे कोणी, हे शब्दच ठरवतो. ‘अ‍ॅब्सॉर्प्शन’मध्ये फक्त नव्याने बदलायचे. ‘इंटिग्रेशन’मध्ये जुन्यानेही थोडे सरकून जागा द्यायची. पाटीवरचा नवा शब्द खरा असेल, तर दिमोना-अश्दोदच्या शाळेतील प्रत्येक मुलाला, केवळ आपल्याच नव्हे, नवगाव कोठे आहे आणि शनवार तेली कोण होते, हे ठाऊक असले पाहिजे.

परंतु सारा दोष सरकारच्या माथी मारून चालणार नाही. आजी मराठीत विचारते, नातू हिब्रूत उत्तर देतो, आणि आपण कौतुकाने हसतो. पुढे तो आजीला विचारायचेच सोडतो. हे शोषण कोणत्या खात्याने केले?

‘क्लिता’ शब्दावर आमचा राग नाही. फोन लागेनासा झाला की आपली मुले ‘एन क्लिता’ म्हणतात. म्हणजे पलीकडचा आवाज नीट पोहोचणे, हीही क्लिताच. आम्हांस हाच अर्थ हवा आहे. त्यासाठी त्यांनी कान उघडे ठेवावेत, आणि आपण बोलणे बंद करू नये.