ओढ वाटणे हा गुन्हा नाही, हे पाठ्यपुस्तकाने सांगावे

मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती),
पुणे



मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आपल्या मंडळाची पुस्तके रोज माझ्या हातात असतात आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. पाड्यावरच्या मुलाच्या आणि शहरातल्या मुलाच्या दप्तरात एकच चांगले पुस्तक असावे, यासाठी या संस्थेने 1967 पासून जे काम केले त्याला तोड नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याची पाठ्यपुस्तके आता टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. माध्यमिकची पुस्तके लिहायला घ्याल तेव्हा एक गोष्ट त्यात यावी, अशी माझी मागणी आहे. पालकांनी आणि माझ्या शिक्षकबंधूभगिनींनीही ती वाचावी म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग 2' मध्ये 'सजीवांतील जीवनप्रक्रिया' या धड्यात मानवी प्रजनन येते. पुरुषाची आणि स्त्रीची प्रजननसंस्था, ऋतुचक्र, टेस्ट ट्यूब बेबी, सरोगसी, लैंगिक आजार, लोकसंख्येचा प्रश्न, हे सगळे त्यात आहे. आकृत्या नीट आहेत, भाषा सरळ आहे. अनेक शाळांत हा भाग 'घरी वाचून घ्या' म्हणून सोडून देतात, तो दोष पुस्तकाचा नव्हे. पण एवढ्या सगळ्या माहितीत एक साधी गोष्ट कुठेच नाही: माणसाला दुसऱ्या माणसाची ओढ वाटते, शरीराला सुख हवेसे वाटते, आणि तसे वाटणे यात वावगे काही नाही. पुस्तकात अवयव आहेत, संप्रेरके आहेत, रोग आहेत. ज्या भावनेने चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची रात्रीची झोप उडते, तिचा उल्लेख नाही.

हा भाग शिकवून झाला की मी वर्गात एक पुठ्ठ्याचे खोके ठेवते. प्रश्न लिहायचे, नाव घालायचे नाही, अक्षर ओळखू येईल असे वाटले तर डाव्या हाताने लिहायचे. चिठ्ठ्या बहुतेक गणिताच्या चौकटीच्या वहीतून फाडलेल्या असतात, आणि घडी इतकी बारीक घातलेली असते की उलगडताना कागद फाटतो. 'हाताने केल्यावर धातू जातो, मग पुढे मूल होत नाही का?' 'झोपेत चड्डी ओली होते, हा कुठला रोग आहे?' 'किस केल्यावर दिवस जातात का?' 'मला मुलगेच आवडतात आणि मी मुलगाच आहे, हे लग्न केल्यावर जाईल का?' एका चिठ्ठीवर आधी 'मला' असे लिहिले होते, ते खोडून वर 'मुलींना' केले होते: 'मुलींना पण मनात असं येतं का? आलं तर ती मुलगी चालू असते का?'

ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. पेनाने गिरवून गिरवून 'मला' हा शब्द इतका खोडलेला आहे की तिथे कागदाला भोक पडले आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या मनाविषयी प्रश्न विचारताना स्वतःलाच पुसून टाकावे लागते. या मुलीला प्रजननसंस्थेची आकृती बिनचूक काढता येते, परीक्षेत तिला त्याचे पूर्ण गुण मिळतात.

हे प्रश्न आजचे नाहीत, हे महाराष्ट्राला तरी सांगायला नको. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. याच कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै 1927 पासून आयुष्याच्या अखेरीपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवले. वाचक त्यांना पत्रे पाठवत आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरे छापत. हस्तमैथुनाने नुकसान होते का, समलिंगी आकर्षणाचे काय, बाईला इच्छा असते का, अशीच ती पत्रे असत. माझ्या खोक्यातल्या चिठ्ठ्यांत आणि त्या पत्रांत फरक फार थोडा आहे. 1931 मध्ये एका लेखावरून अश्लीलतेचा खटला होऊन त्यांना शंभर रुपये दंड झाला. 1934 मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच दुसरा खटला झाला. त्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच ते लिखाण अश्लील ठरत नाही, आणि लोकांच्या मनात काही विकृती असलीच तर ती ज्ञानानेच दूर होईल, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. कर्वे खटला हरले. दोनशे रुपये दंड झाला.

कर्व्यांवर आपण नंतर चित्रपट काढला, नाटक केले, व्याख्यानमालांतून त्यांचे गोडवे गायले. पण ते ज्यासाठी दंड भरत राहिले, तो मजकूर अजून आपल्या दहावीच्या पुस्तकात आलेला नाही. कर्व्यांचे वेगळेपण फक्त संततिनियमनात नव्हते. स्त्रीलाही शरीरसुखाची इच्छा असते आणि त्यावर तिचा हक्क आहे, हे ते ठणकावून सांगत होते. संततिनियमन पुढे सरकारनेच उचलून धरले, कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर रंगला. दुसरा भाग मात्र आपण सोडून दिला.

2007 मध्ये केंद्राच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाच्या पुस्तिकांवरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्याने तो कार्यक्रम थांबवला. इतर काही राज्यांनीही तेच केले. 'आपल्या संस्कृतीत हे बसत नाही', हे त्या वेळचे मुख्य कारण होते. या संस्कृतीविषयी मला एक सांगायचे आहे. आपल्या भाषेच्या पूर्वज महाराष्ट्री प्राकृतातला सर्वांत जुना आणि नामांकित ग्रंथ 'गाथासप्तशती' आहे. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेला हा संग्रह गोदाकाठच्या साध्या माणसांचा आहे. शेतकरी, गुराखी, वाटसरू आणि मुख्यतः बाया त्यात बोलतात. त्या बाया आपल्याला कोण आवडतो, कोणाची वाट पाहतो, नवरा परगावी गेला तर शरीराला काय होते, हे आडपडदा न ठेवता सांगतात. स. आ. जोगळेकरांनी 1956 मध्ये हा ग्रंथ मराठी अर्थासह मोठ्या कष्टाने सिद्ध केला. कोणाही शिक्षकाने तो उघडून पाहावा. शाहिरांची शृंगारिक लावणी तर त्या मानाने कालची. अभिजात भाषा म्हणून मराठीला मान मिळाला तेव्हा याच 'गाथासप्तशती'चा दाखला आपण अभिमानाने दिला. पुराव्याला चालणारा तो ग्रंथ वर्गात मात्र चालत नाही.

या मौनाची किंमत कोण मोजते, तेही लिहिले पाहिजे.

मुलगे मोजतात. एसटी स्टँडच्या मुतारीत, रेल्वेलगतच्या भिंतींवर 'गुप्तरोग', 'मर्दानी कमजोरी', 'हमखास गुण' अशा जाहिराती असतात. झोपेत वीर्य जाणे हे वाढत्या वयाचे नेहमीचे लक्षण आहे, त्याने ताकद जात नाही, हे दोन ओळींत छापता येते. ते न छापल्यामुळे मुलगे कॅनॉलवर माती उपसून मिळवलेले पैसे पुड्यांवर घालवतात आणि आपण आतून सडत चाललो आहोत असे समजून कुढतात. बाकीचे सगळे मोबाइलवरच्या चित्रफितींतून शिकतात. तिथली बाई नाही म्हणत नाही, आणि तिला काय हवे आहे हे कोणी विचारत नाही. हीच मुले पुढे नवरे होतात. 'नसबंदी केली की पुरुषात काही राहत नाही' ही समजूत त्याच धातूच्या भीतीतून येते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. नवऱ्याची नसबंदी झालेल्या होत्या 0.3 टक्के. बायकांपेक्षा पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची असूनही हे आकडे असे आहेत.

मुली जास्त मोजतात. मुलगी कोणाशी बोलताना दिसली, वहीत कोणाचे नाव सापडले, की घरात पहिले वाक्य येते, 'हिला आता उजवून टाकू.' मग शाळा सुटते. बालविवाहाची कारणे आपण गरिबी, हुंडा, ऊसतोडीचे स्थलांतर अशी सांगतो आणि ती खरीच आहेत. पण त्या सगळ्यांच्या मुळाशी, मुलीच्या मनात काही जागे होण्याआधी तिला दुसऱ्याच्या दारात पोचवावे, ही घाईही असते. त्याच पाहणीनुसार महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. दर पाचांत एक. मुलगी मुलासोबत निघून गेली, तर 'फूस लावून पळवून नेले' अशी तक्रार होते आणि सतरा-अठरा वर्षांचा पोरगा लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या पोक्सो कायद्याखाली अडकतो. 2012 च्या त्या कायद्याने अठराच्या आतली संमती ग्राह्य धरलेली नाही. हे वय किती असावे यावर मोठी माणसे वाद घालोत. पण ज्यांच्यावर हा कायदा लागू होतो त्या मुलांना आपण त्याविषयी आधी काहीही सांगत नाही. ते पोलीस ठाण्यात कळते.

सगळ्यांत जास्त मोजते ती अत्याचार झालेली मुलगी. प्राथमिक शाळेत आपण आता चांगला स्पर्श, वाईट स्पर्श शिकवतो. चांगले पाऊल आहे. पण त्याच मुलीला घरीदारी सांगितलेले असते की शरीराच्या त्या भागाविषयी बोलणेच घाण. तिच्यावर कोणी हात टाकला तर तिला आधी वाटते ती स्वतःची शरम. 'तूच काहीतरी केलं असशील', हे कोणी म्हणायच्या आधी ती स्वतःला म्हणून चुकलेली असते. होकार देण्याचा अधिकार जिचा कधी मानलाच नाही, तिच्या नकाराला वजन कुठून येणार? संमती शिकवायची तर आधी इच्छा मान्य करावी लागते. माझी मागणी या एका मुद्द्यावर उभी आहे, आणि तो मी वर्षानुवर्षे वर्गात उभी राहून शिकले आहे.

'लवकर सांगितले तर मुले बिघडतील', हा आक्षेप प्रामाणिक पालक घेतात, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. युनेस्कोने 2018 मध्ये जगभरच्या अभ्यासांच्या आधारे मार्गदर्शक तत्त्वे सुधारून प्रसिद्ध केली. लैंगिकता शिक्षणाने मुलांचे लैंगिक व्यवहार वाढत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये, मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींविषयीच्या निकालात, सर्वंकष लैंगिकता शिक्षणाची गरज स्पष्टपणे मांडली. त्याआधी 6 सप्टेंबर 2018 रोजी याच न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या यादीतून काढले. माझ्या वर्गातल्या त्या मुलाला ते ठाऊक नाही. लग्न केल्यावर 'हे' जाईल, या आशेवर तो मोठा होईल, आणि उद्या एका अजाण मुलीचे आयुष्यही त्याच्याबरोबर बांधले जाईल.

मला जाड पुस्तक नको आहे. आठवी ते दहावीत मिळून चार-पाच पाने पुरे होतील. किशोरवयात आकर्षण वाटते, ते मुलग्यांना वाटते तसेच मुलींनाही वाटते, काहींना आपल्याच लिंगाच्या व्यक्तीविषयी वाटते, काहींना फारसे वाटतच नाही, आणि यातले काहीही रोग नव्हे, एवढे सांगावे. हस्तमैथुनाविषयी शास्त्र जे सांगते ते सांगावे. इच्छा झाली म्हणून ती दुसऱ्यावर लादता येत नाही, गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे, आज दिलेला होकार उद्या मागे घेता येतो, हे उदाहरणांसह यावे. अठराच्या आतल्या मुलांना कायदा कुठे बांधतो आणि कुठे त्यांचे रक्षण करतो, तेही साध्या शब्दांत यावे. मुलगे आणि मुली एकाच वर्गात बसून हे शिकोत. मुलींना वेगळ्या खोलीत नेऊन फक्त पाळीचे सांगायचे आणि मुलग्यांना मैदानावर सोडायचे, ही पद्धत आता थांबायला हवी. शिक्षकांनाही शिकवावे लागेल, कारण आम्हीही याच मौनात वाढलो आहोत. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने वर्गात 'शिश्न' हा पुस्तकातलाच शब्द उच्चारला म्हणून तिच्यावर पालकांची तक्रार गेली, आणि शाळेने तिलाच समज दिली. मजकूर पुस्तकात छापलेला असला तर अशा शिक्षकाच्या पाठीशी मंडळ उभे आहे, एवढा तरी आधार त्याला राहील.

विरोध होईल. 2007 पेक्षा मोठाही होईल, कारण आता तो मोबाइलवरून एका दिवसात गावोगाव पोचतो. मंडळाने तेव्हा माघार घेऊ नये. मजकूर लिहिण्यासाठी डॉक्टर, मानसतज्ज्ञ, वकील बोलवाल, ते योग्यच आहे. त्यांच्याबरोबर ग्रामीण शाळांतले शिक्षक आणि थोडी मोठी झालेली मुले-मुलीही बसवा. माझ्या शाळेतल्या चिठ्ठ्या, नावे नसलेल्या, मी पाठवायला तयार आहे. राज्यभरातल्या शाळांतून अशा चिठ्ठ्या मागवल्या, तर अभ्यासक्रमाचा मसुदा मुलांनीच लिहून दिलेला मिळेल.

दहावीचे नवे पुस्तक छपाईला जाण्याआधी हा मजकूर त्यात घ्यावा, ही विनंती.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका